गोळीचा त्रास झाला तर काय करायचं आणि कुठे कळवायचं: नव्याने कामाला लागलेल्या फार्मासिस्टसाठी आणि घरी औषधं सांभाळणाऱ्यांसाठी

मी पुण्यात सिंहगड रोडला मेडिकल चालवते, त्याआधी काही वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत होते. दरवर्षी डी फार्म, बी फार्म झालेली दोन-तीन मुलं-मुली माझ्याकडे शिकायला येतात आणि प्रत्येकाला हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. घरी आई-वडिलांच्या, सासू-सासऱ्यांच्या गोळ्या बघणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं जमण्यासारखं आहे.

आधी माझ्या घरातलं सांगते, कारण हा विषय मला पुस्तकातून नाही, घरातून कळला. सासूबाईंना बीपीसाठी रॅमिप्रिल सुरू झाली. दीड-दोन महिन्यांनी कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव आणि रात्री आडवं झालं की ढास. आम्हाला वाटलं धूळ असेल, रस्त्याचं काम चालू होतं. मग एक कफ सिरप झालं, दुसरं झालं, पाच दिवसांचं अँटिबायोटिक झालं, छातीचा एक्स-रे झाला, तो स्वच्छ आला, गरम पाणी-हळद-मध तर चालूच. असे पाच महिने गेले. रॅमिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, आणि तीच गोळी मी रोज सकाळी त्यांच्या हातावर ठेवत होते. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, बीपीची गोळी कुठली आणि कधीपासून? गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, तीन आठवड्यांत खोकला गेला. पाच महिने त्या माउलीला धड झोप नव्हती, आणि एका औषधाच्या त्रासावर आम्ही चार औषधं चढवली.

तेव्हापासून माझं एकच सांगणं असतं: खात्री होईपर्यंत थांबू नका. शंका आली की तारीख लिहा आणि कळवा. खात्री करायचं काम पुढे बसलेल्या लोकांचं आहे, तुमचं काम शंका हरवू न देण्याचं.

कळवायचं कशासाठी, औषध तर तपासूनच आलेलं असतं ना?

हा प्रश्न प्रत्येक नवीन मुलगा विचारतो, आणि बरोबर विचारतो. बाजारात यायच्या आधी औषध साधारण काहीशे ते काही हजार लोकांवर तपासलेलं असतं, तेही निवडून घेतलेल्या लोकांवर. त्यात गरोदर बायका जवळजवळ नसतात, ऐंशीच्या आजी नसतात, किडनी अर्धी गेलेले आणि सात गोळ्या एकत्र घेणारे काका नसतात. आता हिशोब बघा. एखादा त्रास १०,००० माणसांत एकाला होणारा असेल, तर तो निदान एकदा तरी दिसेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर जवळजवळ ३०,००० लोकांना औषध द्यावं लागतं. इतकी माणसं ट्रायलमध्ये नसतातच, ती असतात आपल्या काउंटरसमोर. म्हणून औषध दुकानात आलं की त्याची खरी परीक्षा सुरू होते आणि त्या परीक्षेचे पेपर आपण गोळा करायचे असतात. या सगळ्या कामाला फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात.

जगाला ही अक्कल फार मोठी किंमत मोजून आली. थॅलिडोमाइड नावाची झोपेची आणि मळमळीची गोळी १९५७ पासून जर्मनीत विकली जात होती, गरोदर बायकाही घ्यायच्या, आणि १९६१ च्या शेवटी ती मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्माला आली होती. ऑस्ट्रेलियातल्या मॅकब्राइड नावाच्या डॉक्टरांनी डिसेंबर १९६१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाला अगदी छोटंसं पत्र लिहिलं, की माझ्याकडे ही गोळी घेतलेल्या बायकांच्या बाळांत अशी व्यंगं दिसतायत, तुमच्याकडे कोणी बघितलंय का? पुरावा त्यात नव्हता, शंका होती. पुढे १९६८ मध्ये डब्ल्यूएचओने अशा शंका देशोदेशी गोळा करायचा कार्यक्रम सुरू केला, त्याचं केंद्र आता स्वीडनमधल्या उप्साला गावी आहे.

आपल्याकडे हा कार्यक्रम जुलै २०१० मध्ये दिल्लीच्या एम्समधून सुरू झाला आणि एप्रिल २०११ पासून तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे, म्हणजे आयपीसीकडे आहे. नाव फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया, सगळे पीव्हीपीआय म्हणतात. आता पायऱ्या.

पायरी १: आधी माणूस, मग कागद

फॉर्म वगैरे नंतर. समोरच्याला खालीलपैकी काही होत असेल तर लगेच १०८ ला फोन किंवा जवळचं हॉस्पिटल, वाट बघायची नाही:

- ओठ, जीभ, डोळ्यांभोवती सूज, घसा आवळल्यासारखा, श्वासाला घरघर
- इंजेक्शन किंवा गोळीनंतर काही मिनिटांत चक्कर, घाम, गार पडणं
- अंगावर पुरळ आणि सोबत ताप, किंवा तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी फोड, कातडी सोलटणं
- डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या थांबत नाहीत
- काळी शौच, रक्ताची उलटी (पेनकिलर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांत विशेष)

यातला तिसरा मुद्दा नवीन लोकांच्या हातून निसटतो. अंगावर उठलं म्हटलं की सेट्रिझिन देऊन पाठवून देतात. पण फिटची कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, युरिक अ‍ॅसिडची अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फावाली गोळी, यातलं काही गेल्या दोन महिन्यांत नव्याने सुरू झालंय आणि पुरळासोबत ताप किंवा तोंडात फोड आहेत, तर ती साधी अ‍ॅलर्जी धरायची नाही, यात जीव जाऊ शकतो. त्यामुळे पुरळ दिसलं की तोंड उघडायला सांगा, आत बघा, ताप विचारा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

आणि एक, गोळी बंद करा असं आपल्या मनाने सांगू नका. वरच्यासारखी इमर्जन्सी असेल तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरकडे पाठवायचं हे ठीक, पण बाकी वेळी डॉक्टरांना फोन लावून विचारायचं. फिटच्या गोळ्या, स्टिरॉइड, हृदयाच्या बीटा ब्लॉकर गोळ्या अचानक तोडल्या तर मूळ त्रासापेक्षा मोठं संकट येतं. टीबीच्या गोळ्यांचंही तसंच, मधेच सोडल्या की औषध लागू न पडणारा टीबी होऊ शकतो. (रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते त्याला घाबरायचं नाही, ते आधीच सांगून ठेवायचं, पण उलट्या, भूक मेलेली आणि डोळे पिवळे असतील तर त्याच दिवशी डॉक्टर.)

पायरी २: पाकीट फेकू नका

त्रास झाला की लोक काय करतात तर रागाने गोळ्या कचऱ्यात टाकतात. मग आपण विचारतो कुठली गोळी होती, तर उत्तर येतं, "पांढरी होती, लहानशी." असं होऊ नये म्हणून स्ट्रिप, बाटली, इंजेक्शनची रिकामी व्हायल, खोका, सगळं एका पिशवीत घालून बाजूला ठेवायला सांगा. पाहिजे ते असं: ब्रँडचं नाव, आतल्या औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी.

बॅच नंबर कशाला, तर कधी दोष औषधाच्या जातीचा नसतो, त्या एका घाण्याचा असतो. महाराष्ट्रात हे आपण बघितलंय. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये औषधी ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं आणि १४ रुग्ण गेले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. अशा वेळी बॅच माहीत असेल तर बाकीचा माल उचलता येतो, माहीत नसेल तर माणसं मरेपर्यंत शोधत बसावं लागतं.

इथे आपल्या दुकानदारांची एक सवय आड येते, स्ट्रिप कापून देण्याची. गिऱ्हाईक म्हणतं चारच द्या, आपण कात्री लावतो, आणि बॅच-एक्स्पायरी छापलेला तुकडा दुकानात राहतो किंवा दुसऱ्याकडे जातो. माझ्याकडच्या मुलांना मी सांगते, कापायचंच असेल तर छापील बाजू शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवा आणि बिल दिल्याशिवाय गोळी देऊ नका, कारण पक्क्या बिलावर बॅच नंबर येतो. "बिल नको" म्हणणाऱ्या काकांनाही द्या, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा हवं तर. शिवाय १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या ३०० मोठ्या ब्रँडच्या पॅकवर क्यूआर कोड किंवा बारकोड असतो, तो स्कॅन केला की औषधाचं नाव, कंपनी, बॅच, एक्स्पायरी मोबाइलवर दिसतं.

वारीचं इथे आठवतं. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, भवानी पेठेत, नाना पेठेत, तेव्हा कितीतरी मंडळं फुकट औषधं वाटतात, भावना मोठीच असते, मी स्वतः दोन वर्षं त्यात बसलेय. पण कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून दिल्या की पुढे यवतला किंवा लोणी काळभोरला त्या माउलींना काही झालं तर तिथल्या डॉक्टरला काहीच कळत नाही. पुडीवर पेनने औषधाचं नाव आणि ताकद लिहायला दहा सेकंद लागतात. गर्दी कितीही असो, लिहा.

पायरी ३: कालनिर्णय काढा

म्हणजे खरंच भिंतीवरचं कालनिर्णय. बहुतेक घरांत त्यावर दुधाचा खाडा, गॅस कधी लावला, कामवाल्या ताई कधी आल्या नाहीत असं सगळं लिहिलेलं असतं. त्यावरच गोळी सुरू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख लिहायची. आमच्याकडे हे आधी असतं तर सासूबाईंचे पाच महिने वाचले असते, हे मी अगदी खात्रीने सांगते, कारण नंतर मागची पानं उलटून बघितली तेव्हा गोळीचं पहिलं बिल आणि "आईंचा खोकला, डॉक्टर" ही नोंद यांच्यात जेमतेम आठ आठवडे होते.

लिहायच्या गोष्टी: औषध सुरू कधी, डोस वाढवला असेल तर कधी, त्रास पहिल्यांदा कधी दिसला, औषध थांबवलं कधी, त्रास कमी कधी झाला, गेला कधी. तारीख आठवत नसेल तर आधार घेऊन विचारा. "कधीपासून?" असं विचारलं की आजी म्हणतात "झाले की बरेच दिवस." त्याऐवजी विचारा, आजी, गणपतीत होतं का हे? गौरी जेवल्या तेव्हा? नातीच्या बारशाला गेलात तेव्हा खाज होती का? मग नेमकं उत्तर येतं.

पायरी ४: पोटात जाणारं सगळं लिहा

लोकांच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं. त्यामुळे "अजून काही घेता का" विचारलं की उत्तर नाही. नाव घेऊन विचारायचं: पोट साफ व्हायचं चूर्ण? काढा? होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या? गुडघ्यासाठी कुणी दिलेली पावडर? डोळ्यात थेंब? अंगाला लावायचं मलम? कॅल्शियम, व्हिटॅमिन, प्रोटीन पावडर? मिश्री, तंबाखू, दारू? पाळीच्या दुखण्याची गोळी? शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून घेतलेली गोळी?

पाळीच्या गोळीवरून सांगते. मेफेनामिक अ‍ॅसिड आपल्याकडे घरोघरी असतं, मुली एकमेकींना देतात, कोणी त्याला औषध म्हणून मोजतच नाही. २०२३ च्या शेवटी पीव्हीपीआयने त्याच गोळीबद्दल सूचना काढली की तिने क्वचित ड्रेस सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे पुरळ, ताप, गाठी सुजणं आणि आतले अवयव दुखावणं, आणि ते गोळी घेतल्यावर बहुतेक वेळा दोन ते आठ आठवड्यांनी दिसतं. दोन महिन्यांपूर्वी घेतलेली पाळीची गोळी कोण लक्षात ठेवतं? ती सूचना निघाली कारण कुठल्या कुठल्या वॉर्डात कोणीतरी विचारलं, जोडलं आणि रिपोर्ट पाठवला.

पायरी ५: स्वतःला चार प्रश्न विचारा

१. औषध आधी आणि त्रास नंतर, असंच आहे ना? (हसू नका, उलटं निघतं बऱ्याचदा, खाज आधीपासून असते आणि दोष नवीन गोळीला जातो.)
२. औषध थांबवल्यावर किंवा डोस कमी केल्यावर त्रास कमी झाला का?
३. तेच औषध पुन्हा घेतल्यावर पुन्हा झाला का? हे फक्त विचारायचं, करून बघायला मुळीच सांगायचं नाही.
४. दुसरं काही कारण असू शकतं का? डेंग्यूतही पुरळ येतं, व्हायरलमध्येही येतं.

दुसऱ्याला डीचॅलेंज म्हणतात, तिसऱ्याला रीचॅलेंज. हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांनी यापुढे नारांजो स्केल शिकून घ्या, त्रास औषधानेच झाला असण्याची शक्यता गुणांत मोजायचा, दहा प्रश्नांचा असतो, ९ किंवा जास्त गुण म्हणजे निश्चित, ५ ते ८ म्हणजे बहुधा, १ ते ४ म्हणजे शक्य, ० किंवा खाली म्हणजे संशयास्पद. पण "शक्य" निघालं तरी रिपोर्ट पाठवायचा. एकेकटा रिपोर्ट कच्चा असतो, पण तसलेच वीस रिपोर्ट पुणे, नागपूर, कोची, गुवाहाटीहून आले की तिथे बसलेल्याला चित्र दिसायला लागतं.

पायरी ६: जे दिसलं ते लिहा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे थोडी जास्त थांबते. माझ्या दुकानासमोरच्या स्टँडवर एक रिक्षावाले काका आहेत. त्यांच्या खालच्या ओठावर काळा डाग पडायचा, आग व्हायची, दोन आठवड्यांत कमी व्हायचं, डाग मात्र मागे राहायचा, आणि काही महिन्यांनी बरोबर त्याच जागी परत. त्यांना वाटायचं उष्णता आहे, सब्जा खायचे. आमच्या नवीन मुलीने त्यांना सहज विचारलं, काका, हे व्हायच्या आधी कधी पोट बिघडलेलं का? तर हो, दरवेळी. बाहेरचं खाऊन जुलाब झाले की ते जुलाबाची गोळी घ्यायचे, दरवेळी वेगळ्या दुकानातून, वेगळ्या ब्रँडची, पण आत तेच ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात, त्याच औषधाने त्याच जागी.

तिने पहिल्यांदा रिपोर्ट लिहिला तो असा: "गोळीने ओठाला अ‍ॅलर्जी झाली." एवढंच. यातून वाचणाऱ्याला काय कळणार? मग आम्ही दोघींनी बसून परत लिहिलं:

"पुरुष, वय ४२, वजन ६८ किलो. जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिन २०० मिलिग्रॅम + ऑर्निडॅझोल ५०० मिलिग्रॅम, तोंडाने, दिवसातून दोन वेळा. दुसऱ्या गोळीनंतर साधारण सहा तासांनी खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला आग, मग रुपयाच्या नाण्याएवढा लालसर-काळपट चट्टा, मध्ये एक फोड. ताप नाही, तोंडात किंवा डोळ्यांत फोड नाहीत. गोळी बंद केली. दहा दिवसांत आग व फोड गेले, काळा डाग राहिला. मागच्या दीड वर्षात याच औषधानंतर याच जागी असं तीनदा झालं. इतर औषध नाही. तंबाखू खातात."

सोबत ब्रँड, कंपनी, बॅच, एक्स्पायरी, तारखा. बघा, निदान केलंच नाही त्यात, तरी निदान समोर उभं राहतं. अ‍ॅलर्जी, रिअ‍ॅक्शन, उष्णता, पित्त हे शब्द आपल्या डोक्यातले, ते टाळायचे. कुठे, कसं, किती मोठं, किती वेळाने, किती दिवस, काय केलं, आता कसं आहे, हे लिहायचं. रक्ताचे रिपोर्ट असतील तर आकडा आणि तारीख दोन्ही लिहायचं, नुसतं "लिव्हर वाढलं" नको.

पायरी ७: फॉर्म

दोन फॉर्म आहेत. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्यासाठी सस्पेक्टेड एडीआर फॉर्म (एडीआर म्हणजे अ‍ॅडव्हर्स ड्रग रिअ‍ॅक्शन, औषधाने झालेला त्रास), आणि रुग्ण किंवा घरच्यांसाठी वेगळा सोपा फॉर्म, जो मराठीतही मिळतो. दोन्ही आयपीसीच्या वेबसाइटवर आहेत. मोठा फॉर्म बघून नवीन लोक घाबरतात, पण त्याशिवाय चालतच नाही अशा गोष्टी थोड्या आहेत: रुग्णाची आद्याक्षरं आणि वय, काय त्रास झाला, तो कधी सुरू झाला, कुठल्या औषधावर शंका आहे, आणि कळवणारा कोण. बाकी जितकं जास्त तितकं चांगलं, पण एखादी चौकट रिकामी राहते म्हणून फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवू नका. माझ्या ड्रॉवरमध्ये असे दोन फॉर्म एकदा सहा महिने पडून होते, त्याची मला आजही लाज वाटते.

रुग्णाचं पूर्ण नाव लिहायचं नाही, फक्त आद्याक्षरं.

"सिरियस" ची चौकट नीट वाचा. मृत्यू, जिवाला धोका, अ‍ॅडमिट करावं लागणं किंवा अ‍ॅडमिशन लांबणं, अपंगत्व, बाळात जन्मजात व्यंग, किंवा डॉक्टरांच्या मते तितकंच गंभीर काही. खूप खाज सुटली, माणूस रडला, हे त्रासाचं असलं तरी या अर्थाने सिरियस नाही. उलट लिव्हरमुळे दोन दिवस अ‍ॅडमिट झाला आणि हसत घरी गेला, तरी ते सिरियस.

पायरी ८: पाठवायचं कुठे

सगळ्यात सोपं म्हणजे फोन. पीव्हीपीआयची टोल फ्री हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ५:३०. फोन करायच्या आधी पाकीट, बिल, तारखा समोर घेऊन बसा. दुसरं, मोबाइलवर एडीआर पीव्हीपीआय नावाचं अ‍ॅप आहे, आणि आता एडीआरएमएस नावाची ऑनलाइन सिस्टिमही आहे, तिथे थेट भरता येतं. तिसरं, जवळचं एडीआर मॉनिटरिंग सेंटर, म्हणजे एएमसी. ही केंद्रं मेडिकल कॉलेजांत असतात, बहुतेक फार्माकॉलॉजी विभागात. पुण्यात ससूनशी जोडलेलं बी. जे. मेडिकल, एएफएमसी अशी कॉलेजं आहेतच, तुमच्या भागाला जवळचं कोणतं ते आयपीसीच्या यादीत बघून घ्या आणि तिथला फोन नंबर काउंटरच्या काचेखाली लावून टाका. माझा सल्ला, नवीन माणसाने पहिला रिपोर्ट सेंटरला जाऊन द्यावा. तिथले लोक बसवून शिकवतात, आणि मग दुसऱ्यांदा हात थरथरत नाही.

काही गोष्टींची वाट वेगळी आहे, तीही लक्षात ठेवा. लस दिल्यावर काही झालं तर ज्या केंद्रात लस दिली तिथल्या नर्सला किंवा आरोग्य अधिकाऱ्याला लगेच कळवायचं, त्याची वेगळी यंत्रणा आहे. स्टेंट, पेसमेकर, ग्लुकोमीटर अशा उपकरणांसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम आहे. आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी औषधांसाठी आयुष मंत्रालयाचा वेगळा कार्यक्रम आहे. आणि औषधच बोगस वाटतंय, रंग बदललाय, सिरपमध्ये काही तरंगतंय, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार, माल तसाच सीलबंद ठेवून. पण कुठली वाट तेच कळत नसेल तर वरच्या हेल्पलाइनला लावा.

जे अडतं ते

"डॉक्टर चिडतील." ही खरी भीती आहे, मी खोटं सांगणार नाही. नव्या मुलाने एकदम "सर, तुमच्या गोळीने झालं" म्हटलं तर कोणीही चिडेल. असं बोला: "नमस्कार सर, मी अमुक मेडिकलमधून बोलतेय. तुमचे पेशंट, वय ६५, त्यांना ४ तारखेपासून तुम्ही दिलेली अमुक गोळी चालू आहे, १२ तारखेपासून दोन्ही घोट्यांना सूज आहे, आधी नव्हती. तुम्हाला कळवावं वाटलं. गोळी चालू ठेवायची का त्यांना तुमच्याकडे पाठवू?" वय, तारीख, लक्षण, प्रश्न. निर्णय त्यांचा. अम्लोडिपिनने घोटे सुजतात हे त्यांना माहीत असतंच, तुम्ही त्यांना फक्त ते घोटे दाखवताय. बहुतेक डॉक्टर धन्यवाद म्हणतात.

"आपल्यावर केस होईल." नाही होत. फॉर्मवरच छापलंय की रिपोर्ट पाठवणं म्हणजे डॉक्टरने, कंपनीने किंवा औषधाने चूक केली अशी कबुली नाही. आणि रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाते.

"हा तर माहीत असलेला साइड इफेक्ट आहे." तरी कळवा. आपल्याकडच्या लोकांत तो किती होतो, कुठल्या वयात, कशासोबत घेतल्यावर, हे आपल्याच रिपोर्टवरून कळणार. परदेशातल्या आकड्यांवर आपल्या आजीचा डोस किती दिवस ठरवायचा?

पाठवल्यावर पुढे काय

सेंटरमध्ये रिपोर्ट तपासतात, अपुरा असेल तर तुम्हाला फोन येतो, म्हणून नंबर चालू द्या. औषधाचा आणि त्रासाचा संबंध किती ते ठरवतात, मग तो गाझियाबादला आयपीसीकडे जातो आणि तिथून उप्सालाच्या जागतिक साठ्यात. तेच तेच औषध आणि तोच तोच त्रास वारंवार दिसला की तज्ज्ञांची समिती बघते आणि गरज पडली तर केंद्राच्या औषध नियंत्रकांना शिफारस जाते: आतल्या पत्रकात इशारा छापा, अमुक वयाला देऊ नका, किंवा औषधच थांबवा. नवीन मुलांना मी आधीच सांगते की तुमच्या एका रिपोर्टचं उत्तर म्हणून उद्या पेपरात बातमी येणार नाही, याला महिने नाही, वर्षं लागतात.

रिपोर्ट पाठवल्यावर रुग्णाची हालत बदलली, नवा रक्ताचा रिपोर्ट आला, तर आधीचा रिपोर्ट नंबर सांगून ती माहितीही पाठवायची. म्हणून मिळालेला नंबर वहीत लिहून ठेवा.

शेवटचं काम, काउंटरवरच करायचं

ज्याला त्रास झाला त्याला एक चिठ्ठी द्या, पाकिटात मावेल एवढी. त्यावर ब्रँड नाही, आतल्या औषधाचं नाव मोठ्या अक्षरात, काय झालं होतं आणि कधी. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही, कारण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत कोण ड्यूटीवर असेल सांगता येत नाही. दाताच्या डॉक्टरला, लॅबमध्ये, ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरला, दरवेळी ती आधी दाखवायची असं बजावून सांगा. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाच्या नावापुढे रिमार्कची जागा असते, तिथेही टाका. घरच्यांनी आजी-आजोबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा, आत कुठेतरी नको.

रिक्षावाल्या काकांची चिठ्ठी आम्ही लॅमिनेट करून दिली, ते ती लायसन्ससोबत ठेवतात. मागच्या पावसाळ्यात पोट बिघडलं तेव्हा हडपसरच्या एका मेडिकलमध्ये त्यांनी ती काढून दाखवली आणि तिथल्या मुलाने दुसरं काय देता येईल ते विचारायला आम्हाला फोन केला. आम्ही ओआरएस द्यायला आणि आधी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.